बिनपावलांचा शनिवार

१. पैज

“वस्ताद, शनिवारी कुलूप लावलेल्या तालमीत मल्लखांब कोण करतं?”

हा प्रश्न माझा नाही, पैजेचा आहे. रविवारी सकाळी पोहे-जिलेबी खाताना अपेक्षा आणि चिऊ या माझ्या मैत्रिणींनी ठरवलं, की वैभवीनं, म्हणजे मी, हे वस्तादांना तोंडावर विचारून दाखवायचं; नाहीतर महिनाभर तिघींच्या दोऱ्या एकटीनं गुंडाळायच्या. मागच्या वर्षीची मी असते तर मुकाट दोऱ्या गुंडाळल्या असत्या. पण डिसेंबरात जिल्ह्याच्या स्पर्धेत मी दोरीवर उलटी लटकून चारशे लोकांकडे बघितलं. तेव्हापासून सरळ उभं राहून एका माणसाकडे बघायचं मला काही वाटत नाही.

रघुजी वस्ताद कडुनिंबाला बांधलेली आमची दोरी ताणून बघत होते. आम्ही मुली इथंच बाहेर, झाडाखाली दोरीचा मल्लखांब शिकतो. आत संस्थानच्या काळातली पागा आहे. घोडे गेले, तालीम आली. आत लाल मातीचा हौदा, त्याच्या भोवती दगडी कट्टा आणि वरच्या तुळईला बांधलेली एक जुनी जाड दोरी. मुलींनी कट्ट्यापर्यंत यावं, मातीत पाय ठेवू नये, असा नियम आहे. का ते कुणी सांगत नाही. नियम आहे, बस.

शनिवार मारुतीचा, म्हणून तालीम बंद. शुक्रवारी संध्याकाळी माती फणीनं सारखी करून दाराला कुलूप लागतं, ते रविवारी सकाळी निघतं. आणि मधल्या शनिवारी, भर दुपारी, गल्लीत कुत्रंसुद्धा हलत नसताना, आतून आवाज येतो. कर्र… कर्र… आणि मग धप्प. आमच्या गल्लीतल्या प्रत्येकानं तो ऐकलाय आणि प्रत्येकजण त्या वेळी रस्त्याच्या पलीकडून चालतो.

मला वाटलं, वस्ताद आता ओरडणार. ते ओरडण्यात पटाईत आहेत. आमची दोरी जरा हलली तरी “झोपाळा आहे का तो?” म्हणून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारतात. पण त्यांनी दोरी सोडली आणि अगदी हळू म्हणाले, “अण्णा.”

“कोण अण्णा?”

“माझे वडील. बावीस वर्षं झाली जाऊन. आतली दोरी त्यांची. शनिवारी तालीम त्यांची असते.” आणि त्यांनी पागेकडे तोंड करून हात जोडले.

चिऊच्या हातातली जिलेबी खाली पडली. मी काही बोलणार, तेवढ्यात आतून श्रियाताईची हाक आली. 

“वैभवी, इकडे ये. तिसरी पण फुटली.”

२. काच

श्रियाताई माझी मामेबहीण, धारची. आर्किटेक्ट होऊन तिला दोनच वर्षं झालीत. धारला एका शाळेचं बास्केटबॉलचं मैदान तिनं आखलं, आणि मग हे पहिलं मोठं काम मिळालं: पागेच्या भिंती, कमानी जशाच्या तशा राखून तिथं मल्लखांब आणि बॅडमिंटनचा हॉल करायचा. पहाटेच्या बसनं येते, पाठीवर नकाशांची नळकांडी, हातात टेप.

जुन्या भिंतीला तडे असतातच. तडा जुना, झोपलेला आहे की अजून वाढतोय, हे कळायला ताई त्याच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवते. दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा, गोळ्यावर तारीख. भिंत केसभर सरकली तरी काच तडकते. पागेत अशा सात काचा होत्या. सहा शाबूत. चार नंबरची, उत्तरेच्या भिंतीवर, तुळईच्या टोकाखालची, सलग तिसऱ्या आठवड्यात तडकली होती.

“आणि दर वेळी रविवारीच सापडते,” ताई म्हणाली. “शुक्रवारी मी स्वतः बघून जाते.”

पुढच्या सोमवारी पाहणीची समिती येणार होती. भिंत सरकतेय असं ठरलं तर पागा धोकादायक म्हणून पाडायची, जागेवर पत्र्याची शेड. शेडमध्ये फक्त बॅडमिंटन. हौदा नाही, तुळई नाही, आणि गाड्या लावायला कडुनिंबही तोडणार. म्हणजे ताईचं पहिलं काम गेलं आणि आमची दोरी टांगायला फांदीसुद्धा उरली नाही.

मी मातीकडे बघितलं. शुक्रवारच्या फणीच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नव्या वहीच्या पानासारख्या. त्यावर एकही पाऊल नव्हतं.

अपेक्षा माझ्या कानाशी कुजबुजली, “भुताला पाय नसतात ना.”

मी तिला “चल झूठी” म्हटलं खरं. पण मातीपासून दोन पावलं मागं सरकलेच.

३. संशयित

मी ठरवलं, शोधायचंच. घरी फ्रिजवर बाबांनी इंदूरच्या कोचिंगचा फॉर्म चिकटवलेला होता, शनिवार-रविवार, दोन वर्षं, इंजिनिअरिंगसाठी. “दोरीबिरी आता पुरे,” असं त्यांचं म्हणणं. पुरेच करायचं असेल तर निदान हे तरी लावून धरावं.

पहिला संशयित यशराज. तो ठेकेदार, वस्तादांचाच जुना चेला, आणि पत्र्याच्या शेडचं चित्र त्याच्या मोबाइलमध्ये आधीपासून तयार. मी त्याला सरळ विचारलं, शनिवारी दुपारी कुठं असतोस. तो हसला. पीथमपुरला एका कारखान्याच्या भिंतीचं काम चाललंय म्हणाला, शनिवारी तिथं असतो, हवं तर शिफ्टच्या बसवाल्याला विचार. वर, “देख बेन, काच बोलते ना, बुढ्ढी झाली इमारत, जाने दो तिला,” असा उपदेश. मला तो आवडला नाही. म्हणून त्यानंच केलं असावं असं मला फार वाटत होतं.

पण काच वेगळं सांगत होती. मी ताईकडून दोन पट्ट्या मागून घेतल्या आणि घराच्या गच्चीवर दोन विटांमध्ये चिकटवल्या. एकीवर दगड मारला. तुकडे चहूकडे, एक माझ्या वेणीत. दुसरीची वीट हळूच ओढली. टिच्. एक बारीक रेष, दोन्ही अर्धुकं जागच्या जागी. पागेतल्या काचा या दुसरीसारख्या होत्या, आणि खाली जमिनीवर कधी कण सापडला नव्हता. म्हणजे काच कुणी फोडत नव्हतं. भिंत खरंच हलत होती. पण फक्त तिथंच, आणि फक्त शनिवारी.

खचणारी इमारत वार बघते का?

दुसरे वस्ताद. त्यांना बॅडमिंटन पसंत नाही, ते शटलच्या फुलाला “चिमणी” म्हणतात. पण अण्णांची जागा ते कशाला पाडू देतील? शनिवारी दुपारी ते समोरच्या घरी ओसरीवर बसतात, आवाज आला की हात जोडतात आणि मगच जेवतात. सगळी गल्ली साक्षीला आहे.

तिसरी राजाबाई. वस्तादांची थोरली बहीण, सगळ्या तालमीची राजाआत्या. लग्नानंतर चार वर्षांत परत आली ती इथंच राहिली. किल्ल्या तिच्याकडे. पागेच्या मागं चाऱ्याची कोठी आहे, तिथं तिचे झाडू आणि चाळण्या असतात. कोठीचं आतलं दार थेट हौद्याच्या कट्ट्यावर उघडतं. हौद्याची माती तीच चाळते, तीच त्यात हळद, तेल, ताक कालवते. पाय मात्र ठेवत नाही. मी गेले तेव्हा ती नळावर पाय धूत होती. उजव्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात काळा, चिवट घट्टा.

“चप्पल लागते गं,” ती म्हणाली आणि पाय पातळात ओढून घेतला. शनिवारचं विचारलं तर म्हणाली, “मी टेकडीवर असते, देवीला.”

तेव्हा माझं डोकं यशराजमध्येच अडकलेलं. नाहीतर तिथंच कळायला हवं होतं.

४. शनिवार

आम्ही तिघी गेलो. अपेक्षा पुढच्या कुलपासमोर, चिऊ कडुनिंबाखाली, आणि मी दक्षिणेच्या बाजूला, उलट्या बादलीवर उभी राहून चाऱ्याच्या झरोक्याशी नाक लावून. आत कौलांमधून उन्हाच्या पट्ट्या उतरलेल्या. धूळ तरंगत होती. घोड्यांना जाऊन इतकी वर्षं झाली तरी तिथं घोड्यांचा वास येतो, म्हणजे मला तरी येतो.

पुढचं दार बंदच होतं. कुणी आलं नाही.

कर्र.

झरोक्यातून मला हौद्याचा अर्धाच भाग दिसत होता. आवाज उरलेल्या अर्ध्यातून आला, वरून. कर्र. कर्र. मागं चिऊच्या चपला फटफटल्या आणि लांब गेल्या. मग धप्प, आणि त्याच क्षणी समोरच्या भिंतीवर, अगदी बारीक, टिच्.

आणि दोरी माझ्या बाजूला आली. एकटी. हौद्यावरून लांब झोका घेत आली, माझ्यापासून तीन हातांवर थांबल्यासारखी झाली, आणि परत गेली. तिला कुणी धरलेलं नव्हतं. खाली माती सपाट, पाऊल नाही.

मी पळाले. खोटं कशाला सांगू? बादली उलटली, गुडघा फुटला, आणि मी थेट मिठ्या तलावाच्या काठापर्यंत पळाले.

५. पाय न ठेवणारं माणूस

तलावाच्या पायरीवर धाप टाकत बसले, आणि एक गोष्ट डोक्यात टोचायला लागली. दोरी झुलत का होती?

अण्णा वस्तादांचे वस्ताद. त्यांची दोरी झुलेल? “झोपाळा आहे का तो?” हे वाक्य वस्तादांनी त्यांच्याकडूनच तर उचललं असणार. चांगला मल्ल मातीत उभा राहून दोरी धरतो आणि सरळ वर चढतो. दोरी काठीसारखी उभी राहते. ती झुलते केव्हा? कट्ट्यावरूनच काठीनं दोरी ओढून घेऊन झोकून दिलं, आणि उतरतानाही झोका घेऊन परत कट्ट्यावरच उडी मारली, तर. उडी मारली की धप्प. आणि सुटलेली दोरी एकटीच झुलत राहते.

एवढी उठाठेव कोण करेल? पुरुष असता तर सरळ मातीतून चालत गेला असता, पावलं उमटली असती. पावलं भुताची उमटत नाहीत. आणि जिला मातीत पाय ठेवायला बंदी आहे तिचीही उमटत नाहीत.

मग मी माझी चप्पल काढली. उजव्या अंगठ्याच्या बेचक्यात, जिथं आम्ही दोरी पकडतो, तिथं तोच घट्टा. राजाआत्याच्या घट्ट्याचं पिल्लू.

आत्या कोठीच्या दारात माती चाळत बसलेली. माझ्याकडे बघितलं, माझ्या गुडघ्याकडे बघितलं, आणि चाळणं थांबवलं.

“आत्या, चप्पल तिथं लागत नाही,” मी म्हटलं.

 मग तिनं सगळं सांगितलं, चाळणीत बोटं फिरवत. लहानपणी अण्णा रघूला शिकवायचे आणि ती याच कोठीतून बघायची. घरी कुणी नसलं की आडाच्या दोरावर करून बघायची. अण्णांना कधी कळलं नाही. ते गेल्यावर रघू जेवेना. दहावं झालं, तेरावं झालं, भाताला हात लावेना. एका शनिवारी तिनं कुलूप लावलेल्या तालमीत, नुसतं अण्णांच्या दोरीला एकदा लटकावं म्हणून झोका घेतला.

“घरी आले तर रघू पाटावर बसलेला. म्हणाला, आक्का, अण्णा आलेत, दोरी वाजली, मला भात वाढ.” तिनं चाळणी खाली ठेवली. “आता तूच सांग, मी काय म्हणायला हवं होतं?”

 मग मी काचेचं सांगितलं. बावीस वर्षांच्या त्या झोक्यांनी तुळई आडवी ओढली जाते, तिचं टोक भिंतीला धक्का देतं. हे मोजणारी काच मात्र आत्ता चार आठवड्यांपूर्वी लागली. सोमवारी समिती येणार, आणि कारण सांगितलं नाही तर पागाच जाईल.

“मी करून दाखवते,” मी म्हटलं. “झोका मी घेईन. शनिवारचं कोण ते मी बोलणारच नाही.”

“आणि त्यांनी विचारलं तर? खोटं बोलशील?”

मी बोलले असते. तिला ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार, कारण ती उठून आत निघून गेली.

६. सोमवार

ताईला मी तुळईचं कारण सांगितलं होतं, नाव नाही. तिनं एकदा माझ्याकडे रोखून बघितलं आणि विचारलं नाही. रात्रभर हिशेब करून ती आली होती. चार नंबरवर नवी काच. समितीत तीन जण, त्यातल्या एक बाई इंजिनिअर, फार कमी बोलणाऱ्या. यशराज कमानीला टेकलेला. वस्ताद पागोटं घालून आलेले, लग्नाला आल्यासारखे.

ताई म्हणाली, दोन प्रयोग करू. आधी दोरीवर सरळ चढायचं, मग झोक्यानं. काच कशानं तडकते ते सगळ्यांनी बघा.

मी ओढणी कमरेला बांधून कट्ट्यावर चढले. तेवढ्यात कोठीचं आतलं दार उघडलं. राजाआत्या कासोटा घालून उभी होती.

“बाजूला हो,” ती मला म्हणाली. “तुला अण्णांची चढ येत नाही.”

 वस्तादांनी तिच्याकडे बघितलं, मग दोरीकडे, मग तिच्या पायांकडे. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओसरत गेलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं, शनिवारपेक्षाही जास्त.

“बावीस वर्षं,” ते म्हणाले, “मी तुला हात जोडत होतो?”

“थोरली आहे मी. जोडलेस तर काय बिघडलं?”

यशराज फस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. वस्ताद कट्ट्यावर बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. आत्या मातीच्या कडेला उभी, बोटं कट्ट्याच्या दगडाबाहेर आलेली, पण पाऊल टाकत नव्हती. सरळ चढायचं तर मातीतून जायला हवं, आणि ते तिच्यानं होत नव्हतं. इंजिनिअर बाईंनी घड्याळ बघितलं. ताईच्या हातातला टेप उगाच उघडत-मिटत होता.

मग वस्ताद मातीकडेच बघत म्हणाले, “उतर, आक्का. अण्णा मातीतूनच चढायचे.”

ती उतरली. फणीच्या रेषांवर तिची पावलं उमटली, लहान, खोल, एकामागं एक. दोरीपाशी ती वाकली, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि चढली. साठीला आलेली बाई, दोरी काठीसारखी उभी, जरा म्हणून हलली नाही. अगदी वर जाऊन तिनं पायात दोरी धरली, हात सोडले आणि उलटी, दोन्ही हात पसरून थांबली. ते बघून वस्तादांच्या तोंडून आवाज निघाला, शब्द नव्हता तो. ती अण्णांची सलामी होती.

काच शाबूत.

मग ती खाली आली, दोरी हातात घेऊन कट्ट्यावर गेली आणि नेहमीसारखी झेपावली. कर्र. कर्र. धप्प.

टिच्.

सगळ्यांना ऐकू आलं. इंजिनिअर बाई उठल्या, काचेवरच्या रेषेवर बोट ठेवलं, वर तुळईच्या टोकाकडे बघितलं. “भिंत चांगली आहे,” त्या ताईला म्हणाल्या. “हिला नुसतं ओढणं बंद करा.”

मला त्या क्षणी एक गोष्ट लख्ख दिसली आणि ती मी कुणाला बोलले नाही. आत्याला मातीतून जाऊ दिलं असतं तर ती सरळ चढली असती. भिंत दोरीनं तडकत नव्हती. ती त्या नियमानं तडकत होती.

७. फॉर्म

आता अण्णांची दोरी वेगळ्या लोखंडी चौकटीवर आहे, जिचे चार पाय जमिनीत आहेत आणि भिंतीशी संबंधच नाही. ताईनं आखली, यशराजनं उभी केली, आणि आता तो सगळ्यांना सांगतो की कल्पना त्याची. तुळई नुसती विसावलीय. शनिवारी तालीम उघडी नसते, पण मातीवर पावलं असतात: आत्याची, माझी, अपेक्षाची. चिऊ अजून कट्ट्यावरच बसते, म्हणते बघू.

मागच्या शनिवारी वस्ताद आणि आत्या नेमावरला गेले होते, नर्मदेवर, अण्णांच्या नावानं. किल्ल्या माझ्याकडे होत्या. ताईचा टेप आत राहिला होता, तो आणायला मी दुपारी एकटीच गेले. कुलपात किल्ली घातली.

कर्र.

मी थांबले. कर्र. मग काही नाही. धप्प झालं नाही.

या वेळी मी पळाले नाही. दार उघडलं. लोखंडी चौकटीवरची दोरी काठीसारखी स्थिर. जिच्यावर आता कसलाच भार नाही ती तुळई आपल्या जागी. माती सपाट. चार नंबरची काच मी बोट लावून बघितली, शाबूत होती. मातीत पाऊल शोधलं, नव्हतं. अण्णा मातीतूनच चढायचे.

ताईला फोन केला तर म्हणाली, लाकूड उन्हानं तापलं की बोलतं. म्हणाली आणि मग जरा थांबून, “पण कान देऊन ऐक,” असंही म्हणाली. लाकूड काय बोलतं ते ऐकायचं, भिंत का हलते ते शोधायचं आणि मग कुणाला न पाडता तिला उभं ठेवायचं, एवढंच तर तिचं काम आहे. आणि मला ते येतं. निदान सुरुवात तरी येते.

संध्याकाळी जेवताना बाबांनी फ्रिजवरचा फॉर्म काढून माझ्या ताटाशेजारी ठेवला. शेवटची तारीख जवळ आली होती. आईनं पेनसुद्धा आणून दिलं. मी फॉर्मची उलटी बाजू वर केली आणि पागेचा नकाशा काढला: कमानी, कट्टा, हौदा, चौकटीचे चार पाय. बाबा घास हातात धरून बघत राहिले.

“आई, बाबा,” मी म्हटलं, “मी कोचिंगला जाणार नाही. मी श्रियाताईसारखी आर्किटेक्ट होणार. त्याची परीक्षा वेगळी असते, अभ्यास मी घरी करीन, आणि पहिल्या झटक्यात झालं नाही तर पुन्हा देईन. शनिवारी मला इंदूरला जमणारच नाही. शनिवारी तालमीत मी असते.”